आमटीतला गूळ आणि राज्याची शीव

दुर्जयराजाच्या राज्यात आमटीवरून यादवी पेटली! उगवतपट्टीचे लोक आमटीत गूळ घालत, मावळतपट्टीचे घालत नसत. शंभर वर्षं कुणाचं पोट दुखलं नव्हतं. पण दरबारच्या पंगतीत उगवतीचा सरदार म्हणाला, "काय हो, मावळतीला गूळ पिकत नाही वाटतं?"

मावळतीचा सरदार उसळला, "आमची माणसंच गोड! आमटीला वेगळा लागत नाही!"

झालं! एवढ्या थोर कारणासाठी तलवारी निघाल्या, दोन गावं जळाली. राजाला न्याय करायचा कंटाळा. तो गूळवाल्यांच्या बाजूने लढायला निघाला.

त्याने म्हाताऱ्या धोंडोजीला बोलावलं. धोंडोजीचं घराणं गावांच्या शिवा, म्हणजे हद्दी, ठरवणारं. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन त्या घरातलं माणूस चालेल ती शीव, आणि ढेकूळ खाली ठेवेपर्यंत त्याला राजानेही अडवायचं नाही, अशी रीत.

"उद्या शीव आख! आपला एकही माणूस तिकडे नको, त्यांचा एकही इकडे नको. पलीकडचे सगळे कापायचेत. चुकलास तर पहिलं मुंडकं तुझं!"

धोंडोजी घरी येऊन ताटावर नुसताच बसला. बायको मावळतीची. तिने आमटी वाढली. त्याने सवयीने वरून गुळाचा खडा टाकला. लेक सकवार ते बघत होती. ती एकदम उठली.

"बाबा, उद्या ढेकूळ माझ्या डोक्यावर द्या!"

सकाळी सकवार निघाली ती आपल्याच चुलीवरून. मग शेजारच्या सासू-सुनेच्या मधून, सेनापतीच्या माजघरातून, थेट दरबारात! ती सिंहासनाची पायरी चढली.

"ए पोरी, थांब!" राजा ओरडला.

"रीत आहे, महाराज! जरा सरका."

"शीव इथून कशी जाईल?"

"आपले वडील उगवतीचे, आईसाहेब मावळतीच्या. म्हणजे उजवे महाराज आपले, डावे महाराज शत्रू!" सकवारने ढेकूळ बरोब्बर राजाच्या मांडीवर ठेवलं. "शीव झाली. आता हुकूम द्या, उजव्या हाताने डावा कापायचा, की डाव्याने उजवा?"

पडद्याआडून आईसाहेब म्हणाल्या, "बाळ, लहानपणी माझ्या हातची बिनगुळाची आमटी तीन-तीन वाट्या प्यायचास हो!"

राजाने आधी मांडीवरच्या मातीकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे. आणि असा खदखदून हसला, की ढेकूळ घरंगळून फुटलं!

"फुटली शीव! तलवारी म्यान करा! धोंडोजीचं मुंडकं धोंडोजीलाच इनाम! आणि पोरी, तुला हे सोन्याचं कडं."

"कोणत्या हातातलं, महाराज?"

"दोन्ही घे, बाई!" राजा म्हणाला. "नाहीतर उद्या त्यावरून लढाई व्हायची!"