शेठचा कुमसार

वसईकडच्या एका गावात मानवेलशेठनं सगळ्यांचा ओहोळ आपल्या केळीच्या बागेकडे वळवायला बांध घातला, आणि कोणीतरी तो फोडला. शेठ धुमसत राहिला. फोडणारा नाताळाआधी कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, चर्चमध्ये येणारच, हे तो जाणून होता. फादर एका आजाऱ्याकडे गेले, तेवढ्यात हा पठ्ठ्या कबुली ऐकायच्या जाळीआड त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसला.

पहिली आली म्हातारी कतरीनबाय. ती गुडघे टेकते न टेकते, तोच आशीर्वादाऐवजी आतून दबका प्रश्न आला, "बांध कोणी फोडला, ते आधी सांग!"

कतरीनबायनं ओळखायचं ते ओळखलं. म्हणाली, "मीच फोडला."

रविवारी मिस्साची प्रार्थना सुटताच शेठ चर्चच्या दारात गरजला, "फोडणारी सापडली! हिनं स्वतः कबूल केलंय!"

"कुठे कबूल केलं, शेठ?" कतरीनबायनं विचारलं.

फादरही शेठकडे रोखून बघू लागले.

"जड जात असेल तर आधी मी बोलते," ती म्हणाली. "फादरच सांगतात, पहिल्या काळात ख्रिस्ती माणसं जाळीआड नव्हे, सगळ्या मंडळींसमोर उभी राहून पाप कबूल करायची. तर ऐका सगळे! बांध मी फोडला, आणि शेठनं पुन्हा घातला तर पुन्हा फोडीन. ह्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला."

मग पदर सावरून ती बाजूला सरकली.

"माझा कुमसार झाला. या शेठ, आता तुमचा नंबर."