तानूबाईंचा सवाल

निंबगड संस्थानात राजवैद्य हरिहरशास्त्री बोलले की महाराजांनी मान डोलावायची, असं ठरूनच गेलं होतं. एकदा त्यांनी दरबारात एक बलवर्धक भुकटी आणली.

"महाराज, तालमीतल्या प्रत्येक पैलवानाला रोज एक पुडी द्यावी. किंमत अवघा एक आणा!"

महाराजांनी तालमीचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तानूबाईंना बोलावलं. "पुड्या सुरू करा. खर्च मात्र वाढता कामा नये, दूध बंद केलंत तरी चालेल."

चाळीस पोरं तानूबाईंच्या हातचं खाऊन अंगानं भरली होती. त्यांनी धीर करून विचारलं, "शास्त्रीबुवा, पुडी किती दिवस घ्यायची?"

"कायमची! सोडली की ताकद ओसरते."

"म्हणजे चाळीस जणांचे दरमहा पंचाहत्तर रुपये, तेही जन्मभर. आणि घ्यायची कशाबरोबर?"

"शेरभर दूध आणि मूठभर बदाम," शास्त्री ऐटीत म्हणाले.

"मग सरकार, एक करू. तालमीतला सर्वांत दांडगा गडी शास्त्रीबुवांनी निवडावा आणि त्याला नुसती पुडी द्यावी. सर्वांत किडकिडा मी घेते, त्याला नुसतं दूध-बदाम देते. जेवण दोघांना सारखंच. सहा महिन्यांनी कुस्ती लावा."

शास्त्री उसळून म्हणाले, "अहो, पण दुधाशिवाय पुडी लागू कशी पडेल?"

तानूबाईंनी हात जोडले. "मीही तेच म्हणते, सरकार."

दरबारात हशा पिकला. महाराजांनी पुड्या परत पाठवल्या आणि तालमीचं दूध पूर्वीसारखंच चालू राहिलं.