कोपऱ्यावरची शेगडी

४ जानेवारी, शनिवार. सकाळी दाट धुके, दुपारी स्वच्छ ऊन, संध्याकाळी गार वारा.

एका तालुक्याच्या गावाबाहेर प्रभात कॉलनी नावाची एक वसाहत होती. बंगले नीटनेटके, रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंब. कॉलनीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर, रोज संध्याकाळी एक खाऊगाडी लागायची. मूळचा तो जुना टेंपो. एका बाजूचा पत्रा कापून त्याला फळी बसवलेली, आत गॅसच्या शेगड्या आणि पाण्याची टाकी.

गाडी अंजना शेवाळे हिची. टेंपो चालवायचा तिचा नवरा भागवत. धपाटे, पिठलं-भाकरी आणि शेंगांची चटणी ती करायची. सासू, दोन मुली आणि ती दोघे, एवढ्या सगळ्यांचे पोट त्या कोपऱ्यावर चालत होते. नगरपालिकेचा परवाना तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा फळीवरच चिकटवला होता. निघताना ती कोपरा झाडून जायची. कडुनिंबाचा पालासुद्धा गोळा करायची, आणि तो पाला काही तिने पाडलेला नसायचा.

गिऱ्हाईक बहुतेक कॉलनीतलेच. घरी कंटाळा आला की धपाटे, पाहुणे अचानक आले की धपाटे, सून माहेरी गेली की धपाटे. कॉलनीचे अध्यक्ष नाईकनवरे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा बंगला कोपऱ्यालाच लागून. त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा तरी पार्सल जायचे.

डिसेंबरात साहेबांच्या मुलाचे लग्न ठरले. पुण्याहून व्याही घर पाहायला आले. गाडीतून उतरताना विहीणबाईंनी सहज विचारले, की तुमच्या दारात असा गाडा असतो का? नुसते विचारले. पण साहेबांना त्या रात्री जेवण गेले नाही.

म्हणून ४ जानेवारीची सभा. कॉलनीच्या दत्तमंदिरापुढे सतरंज्या घातल्या. साहेबांनी विहीणबाईंचे नाव काढले नाही. कॉलनीचा दर्जा, गर्दी, फोडणीचा ठसका, आगीचा धोका, असे बरेच काही ते बोलले. कोणीतरी म्हणाले, गर्दी तर आपलीच असते. त्यावर लोक हसले, आणि ते बोलणे तिथेच राहिले. शेवटी साहेबांनी नियम वाचून दाखवला. त्यात अंजनाचे नाव नव्हते, गाडीचेही नव्हते. कॉलनीच्या रस्त्यावर कोणीही, कोणत्याही कारणासाठी, चूल, शेगडी अथवा भट्टी पेटवू नये, एवढेच होते.

"आपलं कुणाशी वैर नाही," साहेब म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

हे वाक्य लोकांना फार आवडले. शाळेतून निवृत्त झालेल्या उंबरजे बाई जरा घुटमळत होत्या. 'सगळ्यांना सारखा' ऐकून त्यांनीही हात वर केला. आदल्या संध्याकाळी त्या फळीशी उभे राहून बोटे चाटणाऱ्यांचे हातही वर गेले. तिला बोलावून दोन शब्द विचारावेत, असे एकालाही सुचले नाही. गाडी तर हाकेच्या अंतरावर उभी होती. सभेतल्या लोकांना तव्याचा आवाज ऐकू येत होता.

सभा संपल्यावर साहेब गाडीशी गेले. आधी पार्सल सांगितले. अंजनाने धपाटे बांधले, वर चटणीची पुडी ठेवली, पिशवीला गाठ मारली. साहेबांनी पिशवी हातात घेतली आणि मग सांगितले.

"उद्यापासून इथं गाडी लावायची नाही. ठराव झालाय."

अंजनाचा हात तव्यावरच थांबला. "साहेब, माझं काही चुकलं का?"

"चुकायचा प्रश्न नाही. नियम आहे."

"मग मी उभं कुठं राहू?"

"ते नगरपालिकेला विचार. रस्त्यावर शेगडी पेटवायची नाही, एवढं लक्षात ठेव."

साहेब पिशवी घेऊन गेले. धपाटे गरम होते. घरी ते सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्याच आठवड्यात कोपऱ्यावर लोखंडी फलक उभा राहिला. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नियम, खाली अध्यक्षांचे नाव. अंजना नगरपालिकेत गेली. तिथे सांगितले, की परवाना गाडीचा आहे, जागेचा नाही. कॉलनीवाल्यांची तक्रार आली तर आम्हाला गाडी उचलावी लागेल. बाजारात जागा मागितली, तर तिथले जुने गाडेवाले अंगावर आले. अखेर गाडी हायवेच्या वळणावर लागू लागली. तिथे उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक भरधाव जायचे. भाकरीवर धूळ बसायची. थांबणारा क्वचितच कोणी. कॉलनीतून तिथवर कोणी गेले नाही. हायवे ओलांडायची भीती वाटते, असे लोक एकमेकांना सांगत. भागवतने टेंपोची खेप मिळते का पाहिले, पण फळी बसवलेल्या टेंपोत माल कोण भरणार? मार्चमध्ये गाडी दिवसाआड लागू लागली. मग अंजना एका आचाऱ्याच्या हाताखाली लग्नकार्यात पोळ्या लाटायला जाऊ लागली. आचाऱ्याचे नाव गुंडू.

२७ एप्रिल, रविवार. सकाळपासून ढगाळ, उकाडा, पान हलत नव्हते.

साहेबांच्या मुलाची त्या दिवशी हळद. लग्न दुसऱ्या दिवशी कार्यालयात होते, पण हळदीचे जेवण घरी. घरी म्हणजे रस्त्यावर. अशा कॉलन्यांची ती रीतच आहे. दारात कार्य निघाले की रस्ता आपलाच समजायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव घालायचा, आणि रहदारीने मागच्या गल्लीतून जायचे. मांडव कोपऱ्यापर्यंत आला. भट्टीची जागा कोपऱ्यावर ठरली, कारण धूर बाहेरच्या बाहेर जातो. निळा फलक मध्ये येत होता. साहेबांनी मांडववाल्याला सांगून त्यावर झालर ओढून घेतली.

उंबरजे बाई देवळातून येताना थांबल्या. झालरीच्या कडेने निळी पाटी थोडी दिसत होती. त्यांनी साहेबांना बाजूला घेऊन विचारले, की हे कसे चालते?

"बाई, हे घरचं कार्य आहे," साहेब म्हणाले. "कुणी धंदा करतंय का इथं?"

"नियमात धंदा हा शब्दच नाही. कोणत्याही कारणासाठी, असं तुम्हीच वाचून दाखवलंत. ते ऐकून मी हात वर केला."

साहेब हसले. शाळा सुटली तरी बाईंचं तपासणं सुटत नाही, असे शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, आणि पाहुण्यांकडे वळले.

दुपारी गुंडू आचाऱ्याची माणसे आली. त्यात अंजना होती. कार्य कोणाचे आणि कुठे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. गुंडूच्या टेंपोत बसवून आणले होते. कोपऱ्यावर उतरली तेव्हा ती क्षणभर उभी राहिली. मग परात पुढे ओढून कणीक मळायला बसली. तिची गाडी जिथे लागायची, बरोबर तिथेच शेगड्या मांडल्या होत्या. कॉलनीतल्या बायकांनी तिला ओळखले. दोघी-तिघींनी विचारले, "काय गं, बऱ्याच दिवसांत दिसली नाहीस?" तिने मान हलवली.

कार्याच्या ठिकाणी पहिली शेगडी आपल्या माणसांतल्या सवाष्णीच्या हातून पेटवायची, असा गुंडू आचाऱ्याचा रिवाज. साहेबांच्या पत्नीने शेगडीला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. गुंडूने काडेपेटी अंजनापुढे धरली.

अंजनाने पिठाचे हात मांडीवर ठेवले. काडेपेटी घेतली नाही.

"इथं पेटवायला बंदी आहे," ती म्हणाली.

गुंडूला वाटले ती थट्टा करते. तो म्हणाला, "अगं, संध्याकाळी पंगत बसायचीय."

"थट्टा नाही, दादा. मला साहेबांनी स्वतः सांगितलंय. पाटी आहे, झालरीखाली. साहेबांनी पेटव म्हणावं, मी पेटवते."

बातमी मांडवात पोचायला वेळ लागला नाही. बायका उठून कोपऱ्यावर आल्या. पुरुष आले. नवरदेव हळदीच्या अंगाने पाटावरून मान उंच करून पाहू लागला. पुण्याची व्याही मंडळी उष्टी हळद न्यायला म्हणून इकडे निघाली होती. साहेब घाम पुसत आले. त्यांना एकच शब्द बोलायचा होता. पण त्या शब्दाच्या अलीकडे चार महिने होते, हायवेचे वळण होते, आणि समोर सगळी कॉलनी उभी होती.

"तमाशा करू नकोस," ते म्हणाले. "तुझी मजुरी मिळते ना तुला?"

"मजुरीचं नाही, साहेब. मी पेटवली तर ती रस्त्यावरची शेगडी होते, आणि तुमच्या दारात पेटली तर कार्य होतं. मला यातलं कळत नाही. तुम्ही सांगा. आणि आज चालत असेल, तर उद्या माझी गाडी लागू दे."

"ते वेगळं."

"काय वेगळं आहे, तेवढंच सांगा."

साहेबांनी गुंडूच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली, खाली वाकले आणि सगळ्यांच्या देखत शेगडी स्वतः पेटवली. निळी ज्योत भपकन वर आली.

अंजनाने मळलेली कणीक ओल्या फडक्याने झाकली, हात धुतले, गुंडूला सांगितले आणि चालत निघून गेली. तिला कोणी थांबवले नाही. पोळ्या दुसऱ्या बायकांनी लाटल्या. पंगती रात्री उशिरापर्यंत उठत होत्या. वांग्याची भाजी झकास झाली होती, असे सगळे म्हणाले. उंबरजे बाई जेवायला गेल्या नाहीत.

१७ मे, शनिवार. दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी वळवाचे चार थेंब.

पुन्हा सभा. ती बाईंनी मागितली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शेगडी अध्यक्षांनी पेटवली, त्यामुळे नियम तरी पुसा, नाहीतर अध्यक्षांनी पद सोडावे. काही लोकांनी माना डोलावल्या. मग साहेब उठले. त्यांनी माफी मागितली नाही, रागही दाखवला नाही. नियमात थोडी दुरुस्ती हवी, एवढेच ते म्हणाले. 'कोणत्याही कारणासाठी' याच्या पुढे 'घरगुती मंगलकार्य वगळून' हे शब्द घालावेत. उद्या तुमच्याही घरी कार्य आहे, असे त्यांनी एकेकाकडे पाहून सांगितले. कोणाची मुंज होती, कोणाची वास्तुशांत, कोणाची मुलगी लग्नाची होती.

"मग फलकावर सरळ अंजना शेवाळे असं नाव लिहा," बाई म्हणाल्या. "वगळलेले सगळे आपण. उरली ती एकटीच."

सतरंजीवर कोणीतरी खोकले. साहेबांनी दुरुस्ती मताला टाकली.

दुरुस्तीच्या बाजूने बावीस हात वर गेले, विरोधात नऊ. दुरुस्ती मंजूर झाली. रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी फलकावर नवे शब्द लिहिले. जूनमध्ये भागवत शेवाळे याने टेंपो विकला. घेणाऱ्याने फळी काढून कापलेल्या जागी पत्रा बसवला. त्या टेंपोतून आता विटा जातात. अंजना गुंडू आचाऱ्याकडे पोळ्या लाटते. प्रभात कॉलनीतल्या कार्याला ती येत नाही.

तात्पर्य: जो नियम आपल्या दारात पाळायची तयारी नाही, तो दुसऱ्याच्या पोटावर लादू नये, आणि लादलाच, तर 'सगळ्यांना सारखा' असे तरी म्हणू नये.