आडवी लावलेली बस

एकदा एक शिकाऊ चालक भरपावसात एसटी घेऊन निघाला होता. शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर त्याचे वस्ताद बसले होते. त्या घाटरस्त्यावर त्यांची तीस वर्षे गेली होती. शिकाऊच्या उमेदवारीची ही शेवटची फेरी. ती वेळेत आणि बिनतक्रार पार पडली, तर त्याची नोकरी कायम होणार होती.

ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाशी बस आली, तेव्हा पाणी पुलावरून वाहत होते. पुलाच्या दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले दगड रोवलेले होते. ते बुडाले की गाडी घालायची नाही, असा तिथला जुना नियम. आज एकही दगड दिसत नव्हता. पण नेमका तेव्हाच पुढचा एक ट्रक पाणी कापत पलीकडे निघून गेला. शिकाऊच्या मनाने घेतले, ट्रक गेला म्हणजे बसही जाईल. त्या रस्त्यावरचे निम्मे चालक असाच विचार करत आले होते. त्याने गिअर टाकला.

"थांबव," वस्ताद म्हणाले, "आणि रस्त्यात आडवी लाव."

शिकाऊ बघतच राहिला. स्वतः जायचे नाही, हे एक वेळ समजण्यासारखे होते. पण मागच्या जीपा आणि टेम्पोंची वाट का अडवायची? तरी त्याने चाक फिरवले आणि बस रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उभी केली.

मग जो गलका झाला, तो विचारूच नका. बसमधला एक कापडाचा व्यापारी छत्री उगारून पुढे आला. "भीती वाटत असेल तर बाजूला व्हा! ज्याच्यात दम आहे तो जाईल. रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"नाही, शेठजी. सगळ्यांचा आहे, म्हणूनच अडवलाय," म्हाताऱ्या वस्तादांनी उत्तर दिले. त्यांनी बसची किल्ली काढून खिशात टाकली, डबा उघडला आणि निवांत भाकरी खायला बसले.

शिकाऊचा जीव मात्र टांगणीला लागला होता. "वस्ताद, आपण थांबलो ते ठीक. पण यांना कशाला अडवलं? माझ्यावर तक्रार जाईल."

"तू कुणाकडे बघून निघाला होतास?"

"ट्रककडे."

"आणि हे सगळे तुझ्याकडे बघून निघाले असते. आपण कडेला उभे राहिलो असतो, तर म्हातारा घाबरला म्हणून हसले असते आणि पुढे घुसले असते. ट्रकवाला स्वतःच्या जिवावर गेला. तुझ्यामागे त्रेचाळीस माणसं बसली आहेत. त्यांच्या जिवावर धाडस करायचा हक्क तुला कुणी दिला? थांबायचंच, तर मागच्यालाही थांबावं लागेल असं थांब. मग शिव्या पडू देत."

तीन तासांनी पाणी उतरले. पांढरे दगड वर आले. पूल जसाच्या तसा होता, एक चिराही हलला नव्हता. व्यापाऱ्याला तेवढेच हवे होते. "बघा! काय झालं पुलाला? उगीच तीन तास खाल्लेत!"

शिकाऊने शरमेने मान खाली घातली. वस्ताद मात्र जागचे हलले नाहीत. "पूल आहे हे आत्ता दिसतंय, शेठजी. तेव्हा दिसत नव्हतं. उद्या पुन्हा दगड बुडाले, तर पुन्हा आडवी लावीन."

आगारात साहेबांनी उशिराच्या कारणाचा कागद पुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "यांत्रिक बिघाड लिही. सगळे तेच लिहितात. खरं लिहिलंस तर चौकशी लागेल, आणि तुझी ऑर्डर लटकेल."

शिकाऊने वस्तादांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर बघत होते. ना होकार, ना नकार. इंजिन तर दिवसभर ठणठणीत होते, हे त्या दोघांइतके कुणाला ठाऊक होते? बिघाडाचे नाव पुढे केले, तर पुढच्या पावसात पुढचा चालक पुन्हा ट्रककडेच बघणार होता.

त्याने पेन उचलले आणि ठळक अक्षरांत लिहिले, "पुलावर पाणी होते. दगड दिसत नव्हते. गाडी मी आडवी लावली." खाली सही केली.

"आता ऑर्डर लटकली तर?" साहेबांनी विचारले.

"लटकू द्या, साहेब," तो म्हणाला.

वस्ताद खिडकीपासून वळले. त्यांनी खिशातली बसची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.