एक श्वास जास्त

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा शिट्टी नव्हती, भोंगा नव्हता, लांबच्या माणसाला काही कळवायचं तर घसा हाच एकमेव सिग्नल. तेव्हा एका उंच कड्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक बहीण आणि एक भाऊ राहायचे.

गावाचा धंदा एकच, मध. आणि हा मध कुठे, तर थेट कड्याच्या पोटात! आग्या माश्यांची सुपाएवढी पोळी लटकलेली असायची तिथे. ती काढायला माणसाला दोराला बांधून खाली सोडायचे. म्हणजे जरा कल्पना करा. पायाखाली नुसती दरी, एका हातात धुराची चूड, दुसऱ्या हातात सुरी, आणि भोवती चिडलेल्या माश्या. आपण गॅलरीतून खाली वाकलो तरी कठडा घट्ट धरतो. तो भाऊ मात्र रोज सकाळी हे काम करायचा, आणि शिवाय दोरावर लटकून विनोदही करायचा.

आता अडचण अशी, की दोर धरणारे पाच जण काठावर उभे राहू शकायचे नाहीत. काठ उतरता होता. एकाचा पाय घसरला की सगळेच गेले. म्हणून ते मागे, एका मोठ्या खडकाच्या आड, झाडाला दोराचा वेढा देऊन उभे राहायचे. त्यांना भाऊ दिसायचाच नाही. त्याला बघायची ती बहीण. काठावर पोटावर पडून, मान खाली काढून. आणि ती मागच्यांना हाळी द्यायची.

गावाचा रिवाजच होता तसा. खाली जाणाऱ्याच्या बहिणीनंच हाळी द्यायची. बायकोनं नाही, बायको रडायला लागते. आईनं नाही, आई त्याला जाऊच देत नाही. बहीण बरोबर. बहीणही घाबरतेच, पण शिव्या घालत घाबरते.

आणि ही हाळी कशी, माहितीये? तिला ठरलेले शब्दच नव्हते. कड्यावरचा वारा असा, की शब्द फाटून जायचे. पण चाल पोचायची. आवाज वर चढला की दोर सोडायचा. वर आहे तोवर सोडत राहायचा. खाली उतरला की गच्च धरायचा. झालं. हे कुणी शोधून काढलं नव्हतं, आपण सगळे बोलतो तसंच होतं ते. "जेवलास का?" म्हणताना आवाज वर जातो, कारण अजून काहीतरी यायचं असतं. "जेवलो" म्हटलं की तो खाली येऊन बसतो. विषय संपला. पाळण्यातल्या बाळाला शब्द कळायच्या आधी हे कळतं.

त्यामुळे बहीण तोंडाला येईल ते बोलायची.

"काल रात्री खिरीचं पातेलं कुणी चाटून ठेवलं रेऽऽ?" दोर सरसर खाली.

"तूच." दोर गच्च.

"अक्का, अगं पाच माणसांसमोर अब्रू काढू नकोस!" भाऊ खालून ओरडायचा.

"त्यांना शब्द कुठे ऐकू जातायत भावड्याऽऽ?" दोर पुन्हा सरसर.

"अगं पुरे, पुरे! पोळं आलं!"

"बरं." गच्च.

पोळ्याच्या जरा खाली कड्याला एक धार होती. विळीच्या पात्यासारखी. माणूस त्या धारेच्या वरच थांबायला हवा. खाली गेला की त्याच्या वजनानं दोर धारेवर घासणार, आणि मग काय होणार ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सात वर्षांत ती वेळ कधी आली नव्हती. बहिणीचा आवाज बरोबर वेळेवर खाली यायचा. ना आधी, ना नंतर.

आणि तो आवाज होताही भन्नाट. खडकाआडचे दोरवाले म्हणायचे, हिची हाळी ऐकली की दोराचं वजन कमी होतं.

एकदा काय झालं, समोरच्या डोंगरावर राजाचा तळ पडला. शिकारीला आला होता. बरोबर लवाजमा, हत्ती, आचारी, आणि दरबारातला गवई. सकाळी गवई आंघोळ करून बसला आणि दरीपलीकडून ती हाळी आली. गवई जागच्या जागी थिजला. त्याला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त सूर आले. संध्याकाळी तो दरीला वळसा घालून, धापा टाकत, गावात हजर.

"सकाळी गात होती ती कोण?"

"गात कोण होतं?" बहीण म्हणाली. "मी भावाला शिव्या घालत होते."

गवई हसला. "पोरी, मी तीस वर्षं गातोय. तू विचारतेस तेव्हा तुझा आवाज जिथे जातो, तिथे जायला माझे शिष्य वर्षानुवर्षं घासतात. आणि खाली येतेस ती थेट घरी येतेस. गाणं म्हणजे दुसरं काय असतं? बोलणंच. फक्त घाई नसलेलं बोलणं."

सात वर्षांत तिला कुणी असं काही म्हणालं नव्हतं. दोरवाले कौतुक करायचे, पण ते हात चोळता चोळता, येता जाता. हा माणूस तिच्यासाठी अख्खा डोंगर उतरून चढून आला होता.

"उद्या राजेसाहेब स्वतः ऐकणार आहेत," गवई म्हणाला. "आवडलं तर पालखी येईल. फक्त दोन गोष्टी कर. एक, पोटावर पडून सूर लागत नाही, ताठ बस. आणि दुसरं, तो वरचा सूर लगेच सोडतेस. सोडू नकोस. धर. एक श्वास जास्त धर."

"पण बुवा, खाली भाऊ असतो."

"असू दे की. एका श्वासानं काय बिघडतं?"

गवई गेल्यावर दोरवाल्यांतला सगळ्यात म्हातारा, ज्याला सगळे तात्या म्हणायचे, तो तिच्याजवळ आला. "गायचं असेल तर संध्याकाळी देवळात गा, पोरी. आम्ही सगळे येऊ ऐकायला. राजालाही तिथेच बोलाव. दोरावर नको."

"तात्या, राजा काय देवळात येऊन बसणारेय माझ्यासाठी? आणि मी काय नवीन आहे का?"

"नवीन असतीस तर मी बोललोच नसतो. नवीन माणूस घाबरून असतो."

तिनं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कमरेला दोर बांधत होता. त्याची बायको शेजारी उभी होती, तिला सातवा महिना होता. बहीण आली ती केस विंचरून, नवं लुगडं नेसून.

"अरे बापरे!" भाऊ म्हणाला. "अक्का, तुला राजा बघणार म्हणून एवढं? मला तर चार हजार माश्या बघणारेत. मी पण विंचरू का केस?"

"विंचर. तेवढीच माश्यांना दया येईल."

"राजवाड्यात गेलीस की लाडू पाठव. आणि आज माझं ते खिरीचं प्रकरण काढू नकोस हं, राजासमोर शोभत नाही."

त्याची बायको हसली. तो काठावरून खाली उतरला.

बहीण बसली. ताठ. पोटावर पडली असती तर तिला भाऊ दिसला असता. ताठ बसल्यावर समोरचा डोंगर दिसत होता, राजाचा तंबू, त्याच्यापुढे मांडलेली गादी, आणि मांडीवर हात ठेवून बसलेला गवई.

रोजचं काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं आणि तिला लाज वाटली. राजासमोर पातेलं, खीर, भावड्या? तिनं शब्दच टाकून दिले. नुसता सूर लावला. आऽऽ करून. आवाज वर गेला आणि दोर सरसर सुटला. खाली आला, दोर थांबला. पुन्हा वर, पुन्हा खाली. दरी भरून गेली. मागचे पाच जण आजवर कधी नव्हे इतके एका तालात हलत होते. खरंच, तेवढं सुंदर तिनं त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

मग शेवटची उतरण आली. पोळं आता चार-पाच हातांवर असणार, हे तिला सवयीनं कळलं. तिनं आवाज वर नेला.

"अक्काऽ, पुरे!" खालून भाऊ म्हणाला.

ऐकलं तिनं. हे लपवण्यात काही अर्थ नाही. स्पष्ट ऐकलं. पण सूर नुकताच लागला होता, अगदी जिथे लागायला हवा तिथे, आणि समोर गवयाचा हात हळूहळू वर जात होता. तिला वाटलं, एकच श्वास. आत्ता सोडते.

आवाज वर होता, म्हणून खडकाआडचे पाच जण दोर सोडत राहिले. त्यांचं काय चुकलं? वर म्हणजे अजून आहे. दोन हात. चार हात. आठ हात.

"अक्का! अक्का!"

दुसऱ्या हाकेला ती भानावर आली. तिनं आवाज खाली आणला. पाचही जणांनी दोर गच्च धरला. आणि पुढच्याच क्षणी पाचही जण पाठीवर पडले, कारण दोराला आता काही वजनच नव्हतं.

कड्यावर एकदम शांत झालं.

आणि त्या शांततेत दरीपलीकडून टाळ्या आल्या. आधी एकाच्या, मग अख्ख्या तळाच्या. त्यांना एवढ्या लांबून काही दिसलंच नव्हतं. त्यांना गाणं संपलेलं ऐकू आलं होतं, बस्स.

तात्या उठला. रिकामा दोर ओढून घेतला, त्याचं तुटलेलं टोक हातात धरलं. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुझा आवाज वर होता, पोरी," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, अजून आहे."

भाऊ तिसऱ्या दिवशी सापडला, दरीच्या तळाशी. त्याच्या बायकोनं चूल पेटवली, दोन ताटं वाढली, एक नणंदेपुढे सरकवलं आणि आत गेली.

चौदाव्या दिवशी पालखी आली. राजानं शब्द पाळला होता. बरोबर गवईही आला, पण मान वर न करता. राजाच्या कारभाऱ्याला या सगळ्यातलं फारसं माहीत नव्हतं, किंवा असून नसल्यासारखं होतं. तो म्हणाला, "निघायच्या आधी एकदा ऐकवा की बाई. त्या दिवशीचं."

अंगणात माणसं जमली होती. बहिणीनं, का कुणास ठाऊक, आवाज लावला. तोच. तो वर गेला मात्र, आणि अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पाचही दोरवाल्यांचे हात आपोआप हलायला लागले. हातात काही नव्हतं, तरी ते दोर सोडत होते. त्यांना थांबताच येईना. एकानं हात काखेत दाबून धरले. तात्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिनं ते पाहिलं आणि मधेच थांबली.

"पालखी घेऊन जा," ती म्हणाली.

"अहो पण बाई, राजेसाहेब..."

"घेऊन जा."

त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली, त्याच घरात. पण तिचा आवाज पुन्हा कधी वर गेलाच नाही. "जेवलीस?" असं विचारायची तेही "जेवलीस." असं, सपाट, खाली. तिच्या कुठल्याच बोलण्यात अजून काही यायचं उरलेलं नसायचं. त्यामुळे हळूहळू लोकांनी तिला उत्तरं देणं बंद केलं. मुद्दाम नाही हो. विषय संपल्यासारखा वाटायचा, म्हणून माणूस उठून जायचा. भावाची मुलगी तिच्या मांडीवर वाढली, आणि त्या पोरीला बरीच वर्षं वाटायचं, की आत्या आपल्यावर रागावलेली आहे.

मधाचं काम थांबलं नाही, गाव पोटाला काय खाणार? पुढच्या वर्षी त्या विधवा वहिनीचा भाऊ दोराला लागला, आणि रिवाजाप्रमाणे हाळी द्यायला तीच बसली. तिचा आवाज म्हणजे अगदीच घोगरा, फुटक्या मडक्यात खडे वाजवावेत तसा. ती पोटावर पडायची, खाली बघायची, आणि कांद्याच्या भावापासून कोंबडीच्या खोकल्यापर्यंत काय वाट्टेल ते बोलायची. जाणारा-येणारा तो आवाज ऐकून कधी थांबला नाही. कुणी वा म्हटलं नाही.

तिनं खाली सोडलेला माणूस रोज वर आला.

तात्पर्य एवढंच: ज्या आवाजाच्या टोकाला दुसऱ्याचा जीव लटकलेला असतो, तो गोड असून भागत नाही. तो वेळेवर खाली यावा लागतो.