परीचे उसने पंख

हं म्हणा बरं, मुलांनो, हं! कुणी हं म्हटलं नाही, तर माझी गोष्ट जागची हलायची नाही.

एका हिरव्यागार बागेच्या फाटकाशी इवलंसं खोपट होतं. तिथे बकुळ नावाची मुलगी आपल्या आत्याजवळ राहायची. बाबा ती पाळण्यात असतानाच गेले. आई दूर रशियाची, बर्फाच्या गावची, तीही मागच्या थंडीत गेली. आत्या बाग झाडायची आणि बकुळ पाचोळा गोळा करायची. कधी एका भाकरीत दोघींचं भागायचं, कधी आत्या म्हणायची, "मला भूकच नाही गं." मोठी माणसं असं खोटं बोलतात, तुम्हाला ठाऊक आहेच.

पण बकुळला भाकरीपेक्षा आईच्या बोलण्याची भूक मोठी. आई तिला लाडाने 'बकुळोच्का' म्हणायची, कुशीत घेऊन आपल्या भाषेत गोष्टी सांगायची. आता ती भाषा बोलणारं गावात कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं. मग बकुळ त्याच गोष्टी मराठीत करून बागेतल्या मुलांना सांगायची.

पण मुलं कसली महावस्ताद! "परीला पंख नाहीत? मग कसली मेली परी!" छबी नाक मुरडायची. "आणि लोकरीचे बूट? ई!" कोंडू खिदळायचा. बिचाऱ्या बकुळने काय करावं? तिने आईच्या परीला गुलाबी पंख लावले, हातात चांदणीची छडी दिली, बूट काढून पैंजण घातले. गोष्ट संपली की आई एक वेडगळ वाक्य म्हणायची. ते तर बकुळने गाळूनच टाकलं.

एका सोनेरी संध्याकाळी ती जाईच्या मांडवाखाली पानं वेचत होती. तेवढ्यात कुणीतरी कण्हलं. बघते तर काय, फुलांच्या ढिगात इटुकली परी! चंदेरी वेण्या, डाळिंबी गाल, निळ्या झग्यावर हिमाचे लुकलुकते कण. पण पाठीवरचे पंख वाकडेतिकडे आणि अनवाणी पायांत पैंजण अडकलेले.

"बकुळोच्का, हे पंख कुणाचे गं? खांदे भरून आले माझे! आणि माझे बूट कुठेत?"

परी आईच्या भाषेत बोलत होती! बकुळला हसू आलं आणि रडूही आलं.

"रागावू नकोस हं," ती म्हणाली. "पंखांशिवाय मुलं ऐकतच नाहीत."

"पण बाळा, आमच्याकडे परी उडत नाही. गोष्ट संपली की बूट घालून बर्फावरून चालत घरी जाते. तू मला इकडे आणलंस, बूट राहिले तिकडेच. शेवटचं वाक्यही म्हटलं नाहीस, म्हणून मी इथेच अडकले." तिच्या झग्यावरून टप टप थेंब गळत होते. "आणि या उकाड्यात मी विरघळतेय बघ."

"मी काय करू?"

"आधी एक इच्छा माग. नियम दोनच. गेलेलं माणूस परत मागायचं नाही. आणि गोष्ट संपायच्या आत मागायचं, संपली की मी गेले."

बकुळच्या अगदी ओठांवर आलं, तू इथेच राहा. रोज मला बकुळोच्का म्हण. एवढंच हवंय मला, दुसरं काही नको!

परीने ते ओळखलं. "मागितलंस तर मला राहावंच लागेल," ती हळूच म्हणाली.

पुन्हा एक थेंब गळला.

"घरी तुझं कोण आहे?" बकुळने विचारलं.

"आई आहे. वाट बघून बघून डोळे दुखले असतील तिचे."

बकुळने डोळे पुसले आणि मुलांना हाका मारल्या.

"आज आईने सांगितली तश्शी गोष्ट सांगणार आहे," ती म्हणाली. "यातल्या परीला पंख नाहीत."

"मग कसली..." छबीने सुरुवात केली.

"अशीच आहे ती! ऐकायचं तर ऐक."

मुलं गुमान बसली. बकुळ सांगू लागली. पांढरंशुभ्र रान, त्यात हरवलेली गरीब पोर, लोकरीचे बूट घालून बर्फातून तुरुतुरु येणारी परी. इकडे ढिगातल्या परीचे पंख फुलाच्या पाकळ्यांसारखे गळून पडले. पैंजण निघाले. पायांत लालचुटुक बूट आले! गोष्टीतली पोर मोठी झाली, तिचं लग्न लागलं, पंगती बसल्या.

"इच्छा, बकुळोच्का!" परी कुजबुजली. "एकच वाक्य उरलंय."

"तू सुखरूप घरी पोच. आईला भेट," बकुळ म्हणाली. आणि तिने ते वेडगळ वाक्य म्हटलं, "त्या पंगतीला मीही होते. खीर वाढली, ती हनुवटीवरून ओघळून गेली, घशात मात्र थेंब उतरला नाही!"

लख्ख चंदेरी उजेड पडला. हवेत बर्फाची चिमुकली पायवाट उमटली. तिच्यावरून परी झपझप चालत गेली, एकदा वळली, हात हलवला आणि उजेडात मिसळली.

सगळं शांत झालं. बकुळला फार एकटं वाटलं.

"म्हणजे तू उपाशीच राहिलीस?" छबीने विचारलं. तिने खिशातली चिक्की काढून बकुळच्या तोंडात घातली. कोंडूने अर्धा पेरू पुढे केला.

आणि बकुळला सगळं आठवलं. ते वाक्य झालं की ती स्वतः आईच्या तोंडात घास घालायची, आई खुदकन हसायची. सांगणाऱ्याला उपाशी धाडायचं नाही, अशी तिकडची रीतच होती. आणि मघाचं ते वाक्य! ते तिच्या तोंडून थेट आईच्याच आवाजात आलं होतं. तोच गोडवा, तोच हेल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुलं येतात, कुणी लाडू आणतं, कुणी गरम भाकरी. आत्याला आता खोटं बोलावं लागत नाही. आणि आईची फार आठवण आली की बकुळ आईची गोष्ट सांगते आणि आपलाच आवाज कान देऊन ऐकते.

झाली बरं माझी गोष्ट. त्या बागेत मीही होते. लाडू वाढला, तो हातातून घरंगळला, तोंडात कणही पडला नाही. बघत काय बसलात? खिशात काय आहे तुमच्या?