चांगल्या दिवसाचं पान

“…आणि शिकूनही नोकरी मिळाली नाही तर, भंते?”

विशाखा साळवेनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. विहाराचं अंगण झाडणाऱ्या भंते शीलपालांनी खराटा भिंतीला टेकवला आणि ते पायरीवर येऊन बसले.

विशाखा जिल्हा रुग्णालयात नर्स होती. ड्यूटी संपल्यावर घरी न जाता तशीच टेकडी चढून आली होती. तिच्या धाकट्या भावाला, सुजातला, बँकेत नोकरी लागली होती. त्याला मात्र कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचं होतं. ‘ताई म्हणेल तसं,’ एवढं बोलून तो मोकळा झाला होता. बँकेला पाचपर्यंत कळवायचं होतं, आणि साडेतीन वाजून गेले होते.

“तुम्हीच सांगा त्याला, नोकरी धर म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत तर त्याला वाईट वाटणार नाही.”

“आणि तू सांगितलंस तर?”

विशाखानं पर्स मांडीवर ओढली.

मग तिनं पर्समधून एक वही काढली. या वहीचा तिला अभिमान होता.

“मला शिक्षिका व्हायचं होतं, भंते. नर्सिंग घेतलं, कारण पगार पक्का. तेरा वर्षं झाली, पगार हातात आला की तिसरा हिस्सा आधी बाजूला, मग किराणा. एक महिना चुकला नाही. उद्या माझी नोकरी गेली तरी घर चार वर्षं दोन महिने चालेल.”

“तुझे वडील गेले, तेव्हा किती दिवस चाललं असतं?”

सोळा वर्षांपूर्वी धान्याच्या मोंढ्यात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून तिचे वडील गेले होते. ती एकोणीस वर्षांची होती, सुजात सात.

“संध्याकाळपर्यंत,” ती म्हणाली.

“भीती वाटली?”

“तेव्हा… वेळच नव्हता.”

“आणि आता?”

“आता रोज वाटते.”

भंतेंनी हात पुढे केला. तिनं वही दिली. ते सावकाश एकेक पान उलटू लागले. आईचं आजारपण. घर गळलं तर. माझा अपघात झाला तर. सुजातला काही झालं तर. प्रत्येक पानाच्या तळाशी रक्कम होती.

शेवटच्या पानापर्यंत जाऊन ते पुन्हा पहिल्या पानावर आले. पुन्हा शेवटपर्यंत गेले.

“काय शोधताय, भंते?”

“चांगला दिवस आला तर… त्याचं पान कुठलं?”

विशाखानं वही परत घेतली. उगाचच एकदा चाळली…

“शिकायला किती वर्षं लागतील त्याला?” भंतेंनी विचारलं.

“तीन.”

तीन वर्षं वजा जाऊनही वहीत चौदा महिने उरत होते; हा हिशेब आपण कधी केलाच नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिनं फोन लावला.

“सुजात, बँकेला नाही म्हणून कळव… हो, मीच बोलतेय… रडतोस काय? फी भरायची शेवटची तारीख बघ आधी.”

तिनं फोन ठेवला. पदरानं कपाळाचा घाम पुसला.

“भीती गेली नाही, भंते.”

भंतेंनी पुन्हा खराटा उचलला.

“इतकी वर्षं या भीतीनंच तर घर चालवलं. लगेच नीघ म्हणू नकोस तिला.”